सुक्या फळांची गोडी व घरचा जमाखर्च

गोड न आवडणारें मूल आमच्या पाहण्यांत आजवर आलेलें नाहीं; आणि मुलांच्या गोड खाण्याची काळजी न वाहणारी आईही आलेली नाहीं. एका पालकसभेंत साखरेच्या दुष्परिणामांविषयीं आम्ही बराच वेळ बोललों. सभा आटोपल्यावर एक माउली पुढें येऊन म्हणाली, “गुरुजी, साखर नको, गोळ्या नकोत, बिस्किटें नकोत, तर मग लेंकरांना गोड म्हणून द्यावें तरी काय? खजूर, बेदाणे हीं तर श्रीमंतांचीं खाणीं!” त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. वर्गांत प्रश्न विचारणें सोपें असतें; स्वयंपाकघरांतून आलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें तितकें सोपें नसतें. पुढें आम्हीं थोडें वाचलें, थोडें घरीं करून पाहिलें, आणि एक चूकही केली. त्या सर्वांचें सार ह्या पाठांत देत आहों. आईवडिलांनीं तो मुलांबरोबर वाचावा अशी विनंती आहे.

१. सुकें फळ म्हणजे काय?

ताज्या द्राक्षांच्या 100 ग्रॅममध्यें सुमारें 80 ग्रॅम पाणी व 16 ते 18 ग्रॅम साखर असते. तींच द्राक्षें वाळून त्यांचे बेदाणे झाले म्हणजे 100 ग्रॅममध्यें पाणी अवघें 15 ग्रॅमच्या आसपास उरतें आणि साखर 60 ग्रॅमच्या वर जाते. ही साखर नव्यानें निर्माण झाली नाहीं. पाणी निघून गेलें आणि साखर दाट झाली, इतकेंच. म्हणूनच एक किलो बेदाण्यासाठीं सुमारें चार किलो द्राक्षें लागतात. पाणी कमी झाल्यामुळें सूक्ष्म जंतूंस वाढण्यास जागा राहत नाहीं, आणि आठवड्यांत नासणारें फळ महिनेच्या महिने टिकतें.

आतां ही साखर कोणती? खजूर व बेदाणे ह्यांतील साखर मुख्यत्वेंकरून ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्या दोन प्रकारची असते. आपल्या डब्यांतील उसाची साखर म्हणजे ह्याच दोघांची जोडी होय. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां फळाची गोडी व साखरेची गोडी हीं दोन सख्खीं भावंडें आहेत. भेद आहे तो सोबतीचा. साखर एकटीच येते; तिच्या 100 ग्रॅममध्यें जवळजवळ 100 ग्रॅम साखरच असते. खजुराच्या 100 ग्रॅम गरांत सुमारें 65 ग्रॅम साखर, 7 ते 8 ग्रॅम चोथा म्हणजे तंतुमय भाग, आणि पोटॅशियमसारखे क्षार असतात. सुक्या अंजिरांत साखर 50 ग्रॅमच्या आंतबाहेर, चोथा 10 ग्रॅमच्या जवळपास, शिवाय कॅल्शियमही बरेंच असतें. चोथ्यामुळें पोट लवकर भरल्यासारखें वाटतें, कोठा साफ राहतो, आणि चावून खाल्ल्यास साखर रक्तांत कांहींशी सावकाश उतरते.

परंतु सुक्या फळांस नसते गुण चिकटवूं नयेत. वाळतांना फळांतील ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक नष्ट होतें. म्हणून बेदाणे खाल्ले तरी पेरू, आवळा, लिंबू ह्यांची गरज राहतेच. तसेंच, दोन खजूर खाल्ल्यानें अंगांत रक्त भरतें ही समजूतही खरी नव्हे. खजुरांतील लोहाचें प्रमाण जातीप्रमाणें कमीअधिक असतें, आणि रोजच्या दोनचार खजुरांनीं पांडुरोग बरा होण्याइतकें तें खास नसतें. ज्या मुलीचा चेहरा फिका पडला आहे तिला डॉक्टरकडेच नेलें पाहिजे.

२. आपल्या परिचयाचीं सुकीं फळें

‘बेदाणा’ हा शब्द फारसी आहे. ‘बे’ म्हणजे वांचून आणि ‘दाणा’ म्हणजे बी; अर्थात् बी नसलेला तो बेदाणा. आपल्या महाराष्ट्रांत सांगली जिल्ह्यांतील तासगांव व आसपासचा मुलूख बेदाण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि सांगलीच्या बेदाण्यास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळें आंतलें पाणी लवकर बाहेर पडत नाहीं. म्हणून द्राक्षें पोटॅशियम कार्बोनेट व एक प्रकारचें तेल मिसळलेल्या पाण्यांत बुडवून काढतात, आणि मग शेडमध्यें एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर सावलींत पसरतात. सुमारें दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. रंग उजळ राहावा म्हणून त्यास पुष्कळदां गंधकाची धुरी देतात. दम्याच्या कांहीं रोग्यांस हा गंधक बाधतो. त्यांनीं फार पिवळ्याधमक बेदाण्याच्या मोहांत पडूं नये.

खजुराची कथा आणखी दूरची आहे. पूर्वीं बसऱ्याचा खजूर गलबतांनीं मुंबई बंदरांत उतरे, आणि आजही आपल्या बाजारांतील पुष्कळसा खजूर इराणी आखातालगतच्या देशांतूनच येतो. त्या देशांत खजूर शिजवून, त्याचा रस गाळून व आटवून काकवीसारखा पाक करितात. त्यास अरबी भाषेंत ‘दिब्स’ म्हणतात. हिब्रू भाषेंतील मधाचा शब्द ह्याच शब्दाचा सोयरा आहे. त्यामुळें पवित्र शास्त्रांत ज्या मधाचा वारंवार उल्लेख येतो त्यांतला कांहीं मध मधमाश्यांचा नसून खजुराचा असावा, असें पुष्कळ विद्वान् मानतात.

खारीक हें खजुराचेंच भावंड. फळ पूर्ण पिकून मऊ होण्यापूर्वींच तें उतरवून, पाण्यांत उकळून उन्हांत खडखडीत वाळविलें म्हणजे खारीक होते. येथें एक गंमत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कच्छमध्यें ‘खारेक’ म्हटलें म्हणजे झाडावरून उतरविलेलें ताजें, करकरीत फळ समजतात. आपण मात्र त्याच शब्दानें वाळलेलें फळ ओळखतों.

आपल्या वसई भागांतील सुकेळीही विसरतां कामा नये. राजेळी जातीचीं पिकलीं केळीं सोलून, कित्येक दिवस उन्हांत वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवण्याची ही जुनी रीति आगाशी-वसईकडील कुटुंबांनीं जतन केली आहे. हल्लीं सुकेळी दुर्मिळ झाली असली तरी साखरेचा कण न घालतां केळें किती गोड होऊं शकतें ह्याचा तो उत्तम पुरावा आहे.

३. एक त्रैराशिक

आतां त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळूं. सुकें फळ साखरेपेक्षां स्वस्त पडतें काय? ह्याचें उत्तर पाटीवर काढूं.

100 ग्रॅम साखरेइतकी गोडी हवी असेल तर खजूर किती लागेल? 65 ग्रॅम साखरेस 100 ग्रॅम गर; तर 100 ग्रॅम साखरेस किती? उत्तर सुमारें 154 ग्रॅम. बियांची तूट सुमारें दहावा हिस्सा धरल्यास बाजारांतून 170 ग्रॅम खजूर आणावा लागेल. खजुराचा भाव साखरेच्या तिप्पट असला, तर तितक्याच गोडीला पांचपट पैसे पडतील.

हा हिशेब आम्ही झाकून ठेवूं इच्छीत नाहीं. गोडीस गोडी तोलून पाहिली तर साखरच स्वस्त, आणि ती माउली मुळींच चुकली नव्हती. जो कोणी ‘साखर टाका, खजूर घ्या, पैसे वाचतील’ असें सांगतो त्यानें हें त्रैराशिक मांडलेलें नाहीं. तरीसुद्धां सुकें फळ गरिबाच्या घरांत काटकसरीनें वापरतां येतें असें आम्ही म्हणतों. त्याचीं कारणें चार आहेत.

पहिलें कारण असें कीं, तितकी गोडी हवी कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनें 2015 सालीं असा सल्ला दिला कीं, वरून घातलेली साखर, मध, पाक व फळांचे रस ह्यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापेक्षां कमी असावी; आणि ती विसाव्या हिश्शाहून कमी, म्हणजे मोठ्या माणसास सुमारें 25 ग्रॅम अथवा सहा चमचे, ठेवल्यास अधिकच हितावह. चार माणसांच्या खिरींत आपण सहज 100 ग्रॅम साखर ओततों. म्हणजे दर वाटीस 25 ग्रॅम! एका वाटींतच दिवस संपला. त्याच खिरींत आठ खजुरांचा गर घातला तर दर वाटीस सुमारें 10 ग्रॅम साखर पडते. खीर मंद गोड होते, पण फळाचा स्वाद असल्यामुळें ती अळणी लागत नाहीं. अशा वेळीं खर्च पांचपट न होतां दुपटीच्या आसपास राहतो, आणि वर पेरावयास वेगळे काजू-बेदाणे आणावे लागत नाहींत.

दुसरें कारण प्रतवारीचें. बेदाण्याचा भाव दाण्याच्या आकारावर व रंगावर ठरतो. गोडी मात्र आकारावर ठरत नाहीं. बारीक, तुटका, मिसळ रंगाचा बेदाणा पुष्कळ स्वस्त मिळतो, आणि वाटून घालावयाचा असल्यास तो टपोऱ्या दाण्याइतकाच कामाचा. तीच गोष्ट खजुराची. सुंदर पेटींतला मोठा खजूर पाहुण्यांसाठीं असूं द्यावा. स्वयंपाकास काळा, चिकट, दाबून भरलेला खजूर पुरे.

तिसरें कारण असें कीं, त्यांतलें कांहीं फुकट जात नाहीं. फळ भिजविलेलें पाणी गोड असतें. तें ओतून न देतां खिरींत किंवा कणीक मळण्यास वापरावें.

चौथें कारण सर्वांत मोठें. घरांत गोड असलें म्हणजे बाहेरचें गोड कमी येतें. खजुराचा खर्च साखरेच्या खर्चाशीं ताडून पाहणें हें अर्धेंच गणित आहे. तो बिस्किटांच्या पुड्यांशीं, चॉकलेटांशीं आणि रंगीत पेयांच्या बाटल्यांशीं ताडून पाहिला पाहिजे. आम्हीं आमच्या घरीं दोन महिने वहींत ही नोंद ठेविली. खजुराचा खर्च वाढला खरा, पण बेकरीचा खर्च त्याहून अधिक घटला. प्रत्येक घरीं असेंच होईल असें आम्ही म्हणत नाहीं. वही मात्र प्रत्येकानें ठेवून पाहावी.

४. करावयाच्या कृति

खजुराचा गर : पाव किलो खजूर एकेक फोडून बी काढावी व आंत कीड नाहीं ना हें पाहावें. ही तपासणी कधींही चुकवूं नये. कोमट पाण्यानें धुवून, बुडेल इतक्याच गरम पाण्यांत अर्धा तास भिजवावा, आणि त्याच पाण्यासह पाट्यावर अथवा मिक्सरमध्यें वाटावा. कोरड्या बरणींत भरून फ्रिजमध्यें ठेवल्यास आठवडाभर चालतो. फ्रिज नसल्यास रोज लागेल तेवढाच करावा.

नाचणीची खीर : चार चमचे नाचणीचें पीठ दोन वाट्या थंड पाण्यांत कालवावें, गुठळी राहूं देऊं नये. मंद आंचेवर ढवळीत शिजवावें. दाट होऊन कच्चा वास गेला म्हणजे दोन वाट्या तापविलेलें दूध घालून एक उकळी आणावी व भांडें खालीं उतरवावें. मग आठ खजुरांचा गर, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ घालावें. गर उकळत्या दुधांत घालूं नये. फळांतील आंबटपणानें दूध फाटण्याचा संभव असतो. बेदाण्यांत तर चिंचेंत असतें तेंच आम्ल असतें, म्हणून त्यांच्याबाबत विशेष जपावें.

शिळ्या पोळीचा लाडू : हा आमचा सर्वांत आवडता, कारण ह्यांत उरलेल्या अन्नाचेंही सार्थक होतें. कालच्या तीन पोळ्या हातानें कुस्करून बारीक कराव्या. त्यांत दहा खजुरांचा घट्ट गर, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट व एक चमचा पातळ केलेलें तूप घालून मळावें आणि लाडू वळावे. येथें गर वाटतांना पाणी अगदीं थोडें घ्यावें, नाहीं तर लाडू बसत नाहीं. हे लाडू त्याच दिवशीं संपवावे. मधल्या सुट्टीच्या डब्यास ह्यासारखी दुसरी वस्तु नाहीं.

खारकेची पूड : खारका फोडून बी काढून, तुकडे उन्हांत पुन्हा कडकडीत वाळवून कुटाव्या व चाळाव्या. ही पूड पाण्यांत विरघळत नाहीं, तळाशीं बसते. म्हणून चहा-सरबतास ती निरुपयोगी. पण लापशी, खीर, डिंकाचे लाडू ह्यांत छान मिळते.

सुकें फळ सर्वत्र चालत नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. चिक्कीस पाक लागतो, मुरंब्यास टिकण्यासाठीं साखर लागते. तेथें खजुराचें काम नाहीं. पुरणपोळींत निम्मा गूळ व निम्मा खजुराचा गर चालतो. संपूर्ण गर घातल्यास पुरण सैल होतें व पोळी लाटतांना फुटते, हा आमच्या घरचा अनुभव आहे.

५. आमची चूक

आतां ज्या चुकीचा आरंभीं उल्लेख केला ती सांगतों. आमच्या वडिलांस उतारवयांत मधुमेह जडला. चहांतील साखर बंद झाली, सणावारीं ताटांतील गोड बंद झालें. जन्मभर कष्ट केलेला मनुष्य, आणि म्हातारपणीं नातवंडांच्या ताटाकडे पाहत बसे. तें आमच्यानें पाहवेना. आम्हीं खजूर-बेदाण्याचे लाडू करविले आणि म्हटलें, “बाबा, ह्यांत साखरेचा कण नाहीं. हें देवाघरचें फळ आहे; खुशाल खा.” ते रोज चार चार लाडू खाऊं लागले. त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून आम्ही स्वतःच्या शहाणपणावर खूष होतों.

तीन महिन्यांनीं त्यांच्या पायास लहानशी जखम झाली, ती भरेना. रक्त तपासलें तेव्हां तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढलेली निघाली. डॉक्टरांनीं काय खातां तें एकेक विचारलें. लाडवांची हकीकत ऐकून ते आमच्याकडे वळले आणि शांतपणें म्हणाले, “मास्तर, आपण गणित शिकवितां ना? मग एका लाडवांत किती साखर आहे तें काढलें कां नाहीं?” आम्हांस मान वर करवेना. वर सांगितलेलें त्रैराशिक आम्हीं प्रथम त्या रात्रीं मांडलें. पायाची जखम पुढें बऱ्याच महिन्यांनीं भरली. बाबांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पण तें गणित उशिरां सोडविल्याचें दुःख आम्हांस अद्याप आहे.

तेव्हां ध्यानांत ठेवा : ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मधुमेह असलेल्यांनीं सुकें फळ खावें कीं नाहीं व किती खावें हें डॉक्टरांस विचारूनच ठरवावें, आणि खाल्लेलें मोजावें. फळ बारीक वाटलें म्हणजे चावण्याचे श्रम वांचतात व साखर लवकर उतरते. म्हणून गर हा साखरेप्रमाणेंच हात राखून वापरावा. पांच वर्षांखालील मुलांस अख्खे बेदाणे किंवा बी असलेला खजूर देऊं नये, घशांत अडकण्याची भीति असते. त्यांना वाटून अथवा बारीक चिरून द्यावें. आणि चिकट फळ दांतांस चिकटून राहतें, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरण्यास विसरूं नये.

६. उपसंहार

त्या माउलीस आज आम्ही असें उत्तर देऊं : बाई, सुकें फळ साखरेहून स्वस्त नाहीं, पण थोडें घेऊन, साधें घेऊन, मोजून वापरलें तर तें तुमच्या आवाक्याबाहेरचेंही नाहीं. साखरेच्या डब्यांत चमचा बुडवितांना आपण मोजीत नाहीं. खजूर मात्र एकेक फोडून, पाहून, मोजून घालावा लागतो. खरी काटकसर आणि खरें आरोग्य त्या मोजण्यांतच आहे.

विद्यार्थ्यांनीं घरीं सोडवावयाचे प्रश्न

(1) अर्धा किलो द्राक्षें तोलून, धुवून, स्वच्छ कापडावर पसरून, वर जाळी घालून वाळवा. रोज वजन लिहा. वजन घटणें केव्हां थांबतें व शेवटीं कितवा हिस्सा उरतो?

(2) आपल्या गांवच्या बाजारांत साखर, गूळ, साधा खजूर व बारीक बेदाणा ह्यांचे आजचे भाव विचारा, आणि दर 100 ग्रॅम साखरेच्या गोडीस खजुराचा खर्च काढा.

(3) आपल्या घरीं एका महिन्यांत साखर किती लागते? माणशीं दिवसाचे किती ग्रॅम पडतात? त्यांत बिस्किटें व पेयें ह्यांतील साखर धरलेली नाहीं, हें विसरूं नका.

(4) एक पदार्थ निम्म्या गोडीचा करून घरच्या मंडळींस न सांगतां वाढा. कोणाच्या लक्षांत आलें व कोणाच्या आलें नाहीं, तें प्रामाणिकपणें लिहून आणा.